गोमाने ठिगळाला दिलेली ऊब

एका कोळीवाड्यात गोमा नावाचा एक भोळा होता. भोळा हे त्याच्या आईसमोर म्हणायचं. ती उठून गेली की सरळ ठोंब्या म्हणायचं.

आई हिराई विधवा. तिची एकच फायबरची होडी, आणि तिच्या बुडाला तडा गेलेला. मासेमारीची बंदी उठत आली होती. होडी पाण्यात गेली नाही तर घरात खायचं काय? म्हणून हिराईने होडी दामू मिस्त्रीकडे दुरुस्तीला टाकली आणि गोमाला त्याच्या हाताखाली धाडलं. मिस्त्री निम्मं सांगायचा, निम्मं समोरच्याच्या डोक्यावर सोडायचा. आणि समोर कोण, तर हा!

मिस्त्री म्हणाला, "ठिगळाच्या या चिकट रेझिनमध्ये चिमूटभर पूड टाक. ठिगळाला ताकद येते."

पूड इतकी बारीक, की दाणा डोळ्याला दिसू नये. गोमाने चिमूट टाकली आणि हात झटकून बसला. पुडीच्या गुठळ्या झाल्या. ठिगळ वाळलं आणि गुठळीपाशी कडकन मोडलं.

"गाढवा, घोटायचं कोणी? पुढच्या वेळी घोट, हात थांबवू नकोस!"

"बरं मिस्त्री."

पुढच्या वेळी मिस्त्रीने रेझिन घट्ट करणारा हार्डनर बादलीत ओतला आणि चहाला गेला. हार्डनर पडला की रेझिन भराभर लावून मोकळं व्हायचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. गोमा घोटत बसला. बादली तापली. गोमा घोटतोय. धूर निघाला. गोमा घोटतोय. शेवटी रेझिनचा दगड झाला आणि घोटायचा दांडा आत उभाच राहिला.

"मिस्त्री, दांडा निघत नाही. लई ताकद आली!"

"आग लागो तुझ्या ताकदीला! एवढं तापू देतात का? थंड ठेवायचं!"

"बरं मिस्त्री."

मग मिस्त्रीने स्वतः ठिगळ लावलं. गोमाने काय करावं? बाजारातून बर्फ आणून त्यावर रचला. दुसऱ्या दिवशी ठिगळ फणसाच्या चिकासारखं चिकट, वर माश्या अडकलेल्या.

"अरे मेल्या, वाळताना ऊब लागते, ऊब! पुन्हा ठिगळाजवळ बर्फ दिसला तर तंगडं मोडीन!"

"बरं मिस्त्री."

मिस्त्रीने सगळं खरवडून नवं ठिगळ लावलं. कडक उन्हात ते असं पक्कं झालं, की हातोडी मारली तर खणखणलं. बंदी दुसऱ्या दिवशी उठणार होती. हिराईने होडीला हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाली, "मी बर्फ घेऊन येते. होडीकडे बघ रे बाबा."

बघ म्हटल्यावर यानं नुसतं बघायला काय हरकत होती? पण नाही. पक्कं ठिगळसुद्धा फार तापलं की मऊ पडतं, हे मिस्त्रीने सांगितलंच नव्हतं. गोमाने होडीखाली सुक्या झावळ्या पेटवल्या. ठिगळ मऊ होऊन लोंबायला लागलं.

"ऊब कमी पडली," गोमा म्हणाला, आणि आणखी झावळ्या टाकल्या. होडीने पेट घेतला.

हिराई बर्फाची टोपली घेऊन आली आणि किंचाळली, "अगं बाई, माझी होडी!" ती बर्फ ओतायला धावली. गोमाने टोपलीच हिसकावली.

"आई, वेडी आहेस का? ठिगळाला बर्फ चालत नाही!"

माणसं पाण्याच्या बादल्या घेऊन धावली. हा दोन्ही हात पसरून आडवा.

"आधी सांगा, पाणी गरम आहे ना?"

लोकांनी त्याला धरून बाजूला काढेपर्यंत होडी संपली होती. हिराई वाळूत बसून ऊर बडवून रडायला लागली. गोमाला आईची फार दया आली. त्याने गार झालेली राख चिमटीत धरून तिच्यापुढे नेली.

"रडू नको गं आई. बघ, कसली बारीक पूड झालीय! पुढच्या होडीत हीच टाकू. आणि या वेळी मी नीट घोटीन."