साडेपाचशे वॅटचं वजन

दुपारचे तीन. परतवाडा, लाकूड डेपोच्या मागची टिनाची टपरी. वीज एक वाजल्यापासून गेलेली.

"...मंग सगळ्यात शेवटी काय बदला लागन?" उकंडजींनी डोळे मिटूनच विचारलं.

उकंडजी ढोले आधी रेडिओ दुरुस्त करत, पुढे कॉम्प्युटर. आता बहुतेक वेळ बसून असतात. त्यांनी एक तरी मशीन पास केल्याशिवाय त्यांचा शिष्य मशीनवर स्वतःचं नाव चिकटवत नाही. प्रज्योत तायडे सहा वर्षं शिकला. उद्या त्याच्या दुकानाचं उद्घाटन होतं. नावाचं स्टिकर त्याने आजच चिकटवून आणलं होतं.

समोर त्याचं मशीन. कमी पैशातला गेमिंग कॉम्प्युटर, एक बाजू उघडी.

आरा गिरण्या बंद होत्या. लाकडाचा भुसा उन्हात तरंगत होता, खाली बसायचं विसरल्यासारखा. वाऱ्याची झुळूक आली की मशीनचा पंखा विजेशिवाय फिरे, थांबे, पुन्हा फिरे. उकंडजी तो ऐकत असावेत. किंवा झोपले असावेत.

"ग्राफिक्स कार्ड आज लहान, दोन सालानं जास्त वीज खानारं मोठं घेता येते," प्रज्योत म्हणाला. "मेमरीच्या चार खाचा. दोन भरल्या, दोन मोकळ्या. प्रोसेसर पुढं बदलला तरी बोर्ड हाच चालते. गिऱ्हाइकानं हळूहळू वाढवत न्यावं."

"मी शेवटचं विचारलं."

"पॉवर सप्लाय. सगळं बदलन, हा राहीन. म्हून तर आज अडीचशे वॅटचं काम असून साडेपाचशेचा टाकला."

पॉवर सप्लाय म्हणजे बाहेरची वीज घेऊन आतल्या प्रत्येक भागाला वाटणारा लोखंडी डबा. तो बिघडला तर एकटा जात नाही. सगळ्यांना घेऊन जातो.

"कसा निवडला?"

"हातात घेऊन. चार डबे तोलले. हा सगळ्यात जड."

"काढ."

प्रज्योत हसला. "दादाजी, लाइट आल्यावर चालूच करून दाखवतो ना."

"चालू तर होईनच... काढ."

त्याने डबा काढून दिला. सोनेरी अक्षरांत ५५० वॅट. तीन प्रमाणपत्रांच्या खुणा. 'आयातदार' हा शब्द छापलेला, त्यापुढची जागा कोरी.

उकंडजींनी डबा तळहातावर ठेवला. डावीकडे कलवला, उजवीकडे कलवला, बाळाला जोजवावं तसा.

"एका कुशीवर झोपलं हाय," ते म्हणाले. "खोल."

एका स्क्रूवर कागदाची टिकली होती. प्रज्योतचा हात तिथे थांबला.

"हे फाडलं तर वॉरंटी जाते, दादाजी."

"कोनाची?"

...

टिकली फाटली. झाकण निघालं.

आत सुपारीएवढा ट्रान्सफॉर्मर, हवा होता लिंबाएवढा. चार बारीक वायरी. आणि तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, गोंदाने नीट चिकटवलेली सिमेंटची वडी.

प्रज्योतने तिला बोटाने दाबून पाहिलं. पुन्हा दाबलं.

झुळूक आली. पंखा फिरला.

"किती आनले असे?"

"सहा."

"कुठी हायेत?"

"एक हा." त्याने डब्याचं झाकण उलटं करून ठेवलं. "पाच लोकायच्या घरी. त्यायले सांगून आलो, कार्ड वाढवा बिनधास्त."

प्रज्योतने नखाने स्वतःच्या नावाचं स्टिकर खरवडायला घेतलं. एक कोपरा सुटला.

"राहू दे," उकंडजी म्हणाले. "आता लागन ते. पाच दारं ठोकशीन तवा नाव सांगा लागन ना."

"आन् उद्याचं दुकान?"

"दुकान कुठी पळते?"

प्रज्योत उठला. पेचकस खिशात घातला. दारापर्यंत गेला आणि तिथून वळला. त्याचा आवाज चढला होता.

"मी काय चुकलो ते तर सांगा. डबा हातात घेऊन पाहा म्हनून तुमीच शिकवलं. जड असन तोच खरा, हलका घेऊ नोको. छापलेलं वाचू नोको, वजन पाह्य. सहा वर्सं हेच आयकलं म्या. या टपरीतच आयकलं."

उकंडजींनी सिमेंटची वडी उचलली. उन्हात धरली. तिच्या कडा घासून गुळगुळीत केलेल्या होत्या, पिशवी फाटू नये म्हणून.

"हो," ते म्हणाले. "वजन पाह्याचं तुले मी शिकवलं...

"ही वडी भरनाऱ्यायले कोनं शिकवलं?"