नदीत राहिलेली कचेरी

या गोष्टीला फार फार वर्षं झाली. अमेरिकेच्या मधल्या मुलखात केल्डन नावाची एक काउंटी होती. काउंटी म्हणजे आपला तालुकाच समजा. राजधानीतल्या साहेबांनी नकाशावर पट्टी ठेवून सरळ चौकोन आखला आणि त्याला केल्डन नाव देऊन टाकलं. त्या चौकोनाच्या पोटातून मस्क नदी वाहते, याचा विचार कुणी केला नाही. पूर्वेला डोंगर, ओकची झाडं आणि लाकूडतोडे. पश्चिमेला माणूस दिसेनासा होईल एवढं उंच गवत आणि नांगर धरणारे. दोन्ही काठांचं एकमेकांशी अजिबात पटत नसे. पण काउंटी एक, म्हणून कचेरीही एकच.

ती लाकडी कचेरी होती पूर्वेच्या हॉलिस गावात. जमिनीची नोंद, लग्नाची नोंद, खटला, कोठडी, सगळं तिथेच. पश्चिमेच्या लोकांना कामासाठी नदी ओलांडावी लागे, आणि त्यांना पलीकडे नेणारी होती थर्झा प्रुइट. नवरा वारल्यावर माणसं पलीकडे नेणारा तराफा तिनेच सांभाळला. या काठापासून त्या काठापर्यंत एक जाडजूड दोर ताणलेला असे. तो हातांनी ओढत ती आपला तराफा नेई. असं म्हणतात, की तिच्या तळहातांना एवढे घट्टे पडले होते की चुलीतला निखारा ती हातानेच सरकवी.

लोक तिला छेडत, "तू कोणत्या काठाची गं, थर्झा?"

"गिऱ्हाईक उभं असेल त्या," ती म्हणे.

तिला एकुलता एक मुलगा, लिअँडर. तरणाबांड, मनाने चांगला, पण डोक्याने तापट. एका हिवाळ्यात काउंटीचा फौजदार, शेरीफ स्ट्रॅक, याच्याशी त्याची बाचाबाची झाली आणि लिअँडरने शेरीफला उचलून बर्फाच्या ढिगात उपडा टाकला. मग काय, स्वारीची रवानगी थेट कोठडीत!

त्याच सुमारास कचेरी कुठे असावी यावर मतदान झालं आणि पश्चिमवाले जिंकले. हॉलिसवाले म्हणाले, देत नाही जा. नदी गोठलेली होती. रविवारी सगळं हॉलिस प्रार्थनेला बसलं होतं, अगदी कोठडीचा पहारेकरीसुद्धा. तेवढ्यात पश्चिमवाल्यांनी कचेरीखाली ओंडके सारले, बैलांच्या जोड्यांमागून जोड्या जुंपल्या आणि अख्खी इमारत बर्फावरून ओढत निघाले.

नदीच्या मधोमध आल्यावर एकाने विचारलं, "कचेरीचं दार कुणीकडे करायचं?" झालं! कुणी म्हणे रस्त्याकडे, कुणी म्हणे चर्चकडे. बैल थांबले, कचेरी थांबली. हॉलिसवाले धावत आले आणि तेही त्या भांडणात पडले. कचेरीच्या धुराड्यातून धूर निघत होता. तो सगळ्यांनी पाहिला, पण शेगडीत लाकूड कोण घालतंय हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. आत लिअँडर घसा फोडून ओरडत होता, थंडीने कुडकुडत शेगडी पेटती ठेवत होता, आणि त्या उबेने खालचा बर्फ पातळ होत होता.

थर्झा काठावरून आली. धूर बघून ती थेट गर्दीत घुसली.

"अहो, आत कुणी आहे का, ते पाहिलंत का?"

शेरीफचा हात कमरेच्या किल्लीकडे गेला. तो पांढराफटक पडला. "थर्झाबाई, मी... मी विसरलोच."

तेवढ्यात बर्फ कडाडला. बैल सोडून माणसं दोन्ही काठांकडे पळाली. थर्झाने मात्र किल्ली हिसकावली. डोक्यावर ताणलेला तराफ्याचा दोर तिने कुऱ्हाडीने मधोमध तोडला. तिचं पोट त्याच दोरावर होतं. दोन्ही टोकं तिने कचेरीला बांधली आणि ओरडली, "ओढा! माझं लेकरू आत आहे!" आणि किल्ली घेऊन ती आत धावली.

मग पूर्वेने पूर्वेकडे ओढलं, पश्चिमेने पश्चिमेकडे. खरं सांगायचं तर कचेरी दुसऱ्याच्या पदरात पडू द्यायला कुणीच तयार नव्हतं, म्हणून सगळे दातओठ खाऊन ओढत राहिले. बर्फाचे डोंगर अंगावर आले, पण कचेरी जागची हलली नाही. असं म्हणतात, की त्या दिवशी मस्क नदीने कचेरीखाली वाळू आणून घातली. संध्याकाळी दोर सैल पडले तेव्हा कचेरी नव्या बेटावर उभी होती, आणि तिच्या पायरीवर मायलेक एकमेकांना धरून बसले होते.

शेरीफने स्वतः होडी घालून त्यांना आणलं. काठावर जल्लोष झाला, "कचेरी वाचली! कचेरी वाचली!"

थर्झा म्हणाली, "कचेरीसाठी एवढे हात आले रे. माझ्या पोरासाठी एकाचाही आला नाही."

शेरीफने सर्वांसमोर लिअँडरची माफी मागितली. दोन्ही काठांच्या बायकांनी घरोघरी जवसाचे धागे वळून थर्झाला नवा दोर करून दिला. आणि कचेरी पुढे कुणीच हलवली नाही. ती बेटावरच राहिली, दोन्ही काठांची.

आता तिथे दगडी इमारत आहे, पूलही झाला आहे. पण रोज कचेरी बंद करताना शिपाई दारात उभा राहतो आणि मोठ्याने विचारतो, "आत कुणी आहे का?" मग टोपी काढून कान देतो. पुन्हा विचारतो, पुन्हा थांबतो, तेव्हा कुठे किल्ली फिरवतो. शाळा, गिरणी, धान्याची कोठारं, सगळीकडे हीच रीत. याला ते 'थर्झाला विचारणं' म्हणतात. नवा आलेला माणूस पहिल्यांदा हसतो. मग कधीतरी तोही कुलूप हातात घेऊन रिकाम्या खोलीसमोर उत्तराची वाट पाहत उभा राहतो.