कडेचा ससा

फार मागे, माळावरच्या तळ्याचं पाणी उन्हाळ्यात सगळ्यांना पुरत नसे. म्हणून चरणारी जनावरं आणि कोल्हे गवताच्या चेंडूचा खेळ खेळत. ज्यांचा गडी चेंडू झेलून पळसापलीकडे नेईल, त्यांनी उन्हाळाभर आधी पाणी प्यायचं.

चरणाऱ्यांकडून चेंडू फेकायची म्हातारी वानरी. तिनं धिप्पाड नीलगाईला मोकळ्या कडेला धाडलं आणि सशाला मधल्या गर्दीत. लहान गडी पायांमधून निसटेल, असा तिचा होरा होता. पण तीनपैकी दोन फेकी वाया गेल्या. आता एकच उरली होती.

वानरीनं सशाला विचारलं, "मधे तुला काय दिसतं रे?"

"नुसते पाय दिसतात, मावशी. चेंडू कधी आला ते कळतच नाही."

"आणि तुला गं, कडेला?"

नीलगाय म्हणाली, "पळताना सारखं वाटतं, बाकीचे कुठे राहिले. मग लक्ष तिकडेच जातं."

वानरीनं दोघांच्या जागा बदलल्या. सगळे हसले. कोल्हेही हसले आणि चेंडू मधेच येणार असं समजून पाचही कोल्हे नीलगाईला भिडले. ती धक्के खात शांत उभी राहिली. वानरीनं चेंडू कडेला फेकला. तिथे एकट्या सशाला समोर फक्त आभाळ दिसत होतं. त्यानं चेंडू दातांत झेलला आणि पळस ओलांडला.

त्या संध्याकाळी नीलगाय कळपाच्या मधोमध उभी राहून पाणी प्यायली. ससा मात्र सगळे पांगल्यावर पलीकडच्या काठावर आला.