उलट्या जीपचा पुढारी

डोंगरवाटांवर डांबर पडलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. एका म्हाताऱ्या जीपचे सगळे गिअर गेले, फक्त रिव्हर्स उरला. जीप उलटी चालू लागली.

"गिअरबॉक्स बदलायलाच हवा," हेडलाइट म्हणाला. "जायचं तिकडे माझा उजेडच पडत नाही."

आरशाला ते झोंबलं. आजवर त्याला कुणी विचारत नव्हतं. आता त्याच्यात पाहिल्याशिवाय जीप हलत नव्हती आणि सगळे त्याला पुढारी म्हणत होते. "चालतेय ना गाडी?" तो म्हणाला. "मग अनुभवी गिअरबॉक्सचा अपमान कशाला?" चाकांना फिरण्याशी मतलब, ती हो म्हणाली.

एका वळणावर मागची चाकं दरीत घसरली. "पुढारी, तुम्हाला दरी दिसली नाही?" मागे टांगलेल्या स्टेपनीने विचारलं.

"मघाशीच दिसली," आरसा म्हणाला. "पण सांगितलं असतं, तर तुम्ही गिअरबॉक्स बदलला असता."