मधोमध उभा वीणेकरी

“मग मरत का नाहीत त्या पेशी, बाबा?”

डॉक्टर मल्हार बिडवई बूट काढता काढताच बोलला. कर्करोगावरचं एक औषध शोधण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. आता संस्था ते काम गुंडाळायला निघाली होती. मठातले चिद्घनबाबा पूर्वाश्रमी कॉलेजात त्याला रसायनशास्त्र शिकवायचे, म्हणून तो इथं धावत आला होता.

“औषध बसतंय ना जागेवर?”

“चपखल! कर्करोगाच्या पेशीतलं ते प्रथिन शेजारच्या प्रथिनांना फॉस्फेट चिकटवून ‘वाढा’ असा निरोप द्यायचं. त्याचं तोंडच बंद केलंय मी. एक निरोप जात नाही. औषधात खोट नाही, बाबा. पेशीच चुकतायत.”

पेशी चुकतायत! गडी हुशार खरा, पण ‘ग’ची बाधा जुनीच.

बाबा हसले... आणि उठले.

सभामंडपात दुपारचं भजन रंगलं होतं. रीतीप्रमाणे वीणेकरी सोपानदादा मधोमध उभे, टाळकरी त्यांच्याभोवती. बाबांनी एक तळहात वीणेच्या तारांवर ठेवला, दुसरा दादांच्या ओठांवर.

वीणा मुकी झाली. दादाही गप्प...

भजन मात्र चालूच. एक टाळ चुकला नाही.

मग बाबांनी दादांना हाताला धरून, वीणेसकट, बाहेर ओसरीवर आणलं.

टाळकरी एकमेकांकडे बघू लागले. कुणाचा टाळ पुढे, कुणाचा मागे. पखवाज थांबला. भजन मोडलं.

मल्हारनं मंडपातल्या त्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं.

“म्हणजे ते प्रथिन... नुसतं उभं असलं, तरी बाकीची त्याला धरून जमतात!”

बाबांनी मान डोलावली.

“तोंड बांधून भागायचं नाही. अख्खं प्रथिनच पेशीतून काढायला हवं. तसली औषधं करता येतात, बाबा!”

“मग कर की.”

दादा हसत हसत जागेवर परतले. टाळ पुन्हा जुळले. मल्हारला इतकं बरं वाटलं, की सकाळपासून मेलेली भूकही जागी झाली. तरी एक सल उरलाच.

“आधीची वर्षं मात्र पाण्यात गेली. उगाच गप्प करत बसलो त्याला.”

बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“तू गप्प केलंस म्हणून तर कळलं रे, ते नुसतं गायला उभं नव्हतं.”