कुंभाराच्या परसातला ढीग

एकदा एक शिष्य सात दिवस एका गावी राहून परतला, आणि पाय धुण्याआधीच त्याने आपली दोरी गुरूंपुढे धरली. दोरीला सहा गाठी होत्या. हा शिष्य मोठा काटेकोर. जे मोजायचं त्याची गाठ मारायची, म्हणजे मागाहून मनाला त्यात भर घालता येत नाही की घट करता येत नाही, असा त्याचा नेम. नेम चांगलाच होता. त्याला नावं ठेवायला मी ही गोष्ट सांगत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

गाव कुंभारांचं होतं, नदीच्या वळणावरचं. तिथल्या सखोबा कुंभाराचे माठ पंचक्रोशीत नावाजलेले. पण त्या वर्षी त्याच्या माठांना एक विचित्र खोड लागली. भट्टीतून निघताना माठ साजरा असायचा, टिचकी मारली तर घंटेसारखा वाजायचा. गिऱ्हाईक तो घरी न्यायचं, पाणी भरायचं, आणि आठ-दहा दिवसांत माठाच्या अंगावरून बोराएवढी टिकली टपकन उडून पडायची. बाजाराच्या दिवशी माणसं गळके माठ आणून सखोबासमोर ठेवू लागली. कोणी भांडत नसे, नुसते ठेवून जात. त्याला तेच जास्त लागे. शेवटी त्याने गुरूंकडे निरोप धाडला, आणि गुरूंनी शिष्याला सांगितलं, “जा, नीट बघ. जे दिसेल ते मोज.”

“काय सापडलं?” गुरूंनी आता विचारलं.

“दिवाळीपासून सहा भट्ट्या लागल्या, गुरुजी. सहाही भट्ट्यांतले माठ फुटले. आणि सहाही भट्ट्या सखोबाची सून घरात आल्यानंतरच्या आहेत. आधी असं कधी झालं नव्हतं. सखोबाच्या बायकोला विचारलं, शेजारीपाजारी विचारलं, सगळ्यांचं एकच म्हणणं. मला स्वतःला पायगुण वगैरे पटत नाही. पण मोजलं ते मोजलं.”

“हे तू तिथे बोललास?”

“त्यांनी विचारलं म्हणून बोललो.”

“मग?”

शिष्य दोरीची गुंडाळी करू लागला. “शुक्रवारी गाडी जुंपणार आहेत. सुनेला माहेरी पोचवायला.” जरा थांबून म्हणाला, “कायमचं.”

गुरूंनी भिंतीशी टेकलेली काठी उचलली. “चल.”

“आत्ता? ऊन तरी कलू द्या.”

“शुक्रवार परवा आहे,” गुरू म्हणाले आणि वाटेला लागले.

सखोबाच्या दारात त्याची बायको ठकूबाई उभी होती. “या महाराज,” ती म्हणाली. “तुमच्या शिष्याने सगळं मोजून दिलंय. तुम्ही नुसतं हो म्हणा, म्हणजे उद्या कोणी आम्हाला बोल लावायला नको.” अंगणाच्या कोपऱ्यात सून, गोजरा तिचं नाव, पायांनी माती तुडवत होती. तिने मान वर केली नाही. तिचा नवरा खंडू रिकामं चाक फिरवत बसला होता. चाकावर माती नव्हती, तरी फिरवत होता.

गुरूंनी पाणी घेतलं नाही की सुनेकडे पाहिलं नाही. म्हणाले, “सखोबा, फुटकी मडकी कुठे टाकता?”

“परसात, नदीकडच्या उतारावर. बापाने हे घर बांधलं तेव्हापासून तिथेच टाकतो.”

“एक कुदळ दे.”

ढीग पुरुषभर उंच होता. गुरू एका दगडावर बसले आणि शिष्याला म्हणाले, “वडी कापतात तसा वरपासून खालपर्यंत सरळ काप घे. भाकरी कुस्करल्यासारखा कालवू नकोस.” शिष्याला काही उमजेना. माणसाच्या संसाराचा प्रश्न, आणि गुरू खापरं उकरायला सांगतात. पण तो उकरू लागला. शेजारचा एक कुंभार कुंपणावर कोपर टेकून म्हणाला, “सखोबा, बाबांना मोहरांचा हंडा सापडला तर अर्धा आमचा हो. कुंपण सामाईक आहे.” सखोबाच्या कपाळावर आठी चढली. त्याची अब्रू चालली होती आणि गाव हसत होतं.

काप खोल गेला तशी ढिगाऱ्यात तांबूस रेघा दिसू लागल्या. खापरांचा एक थर, मग गाळाची एक रेघ, पुन्हा खापरं, पुन्हा रेघ. “दर पावसाळ्यात नदी इथवर येते आणि गाळ ठेवून जाते,” गुरू म्हणाले. “दोन रेघांच्या मधलं एक वर्ष. एकेका वर्षाची खापरं अंगणात वेगळ्या ओळीत मांड.”

ओळी एकतीस झाल्या. अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. “सारवलेल्या अंगणाची पार शोभा केलीत,” ठकूबाई पुटपुटली.

एवढा वेळ दूर उभा असलेला सखोबा खालच्या एका ओळीपाशी वाकला. त्याने एक खापर उचललं आणि काठावरून अंगठा फिरवला. “हा माझ्या बापाचा काठ,” तो म्हणाला. “शेवटाला अंगठा असा दाबायचा तो. मी किती केलं, मला जमलं नाही.” मग त्याने ते खापर उलटं केलं. अंगावरची टिकली उडून तिथे बशीसारखा खळगा पडला होता, आणि खळग्याच्या तळाशी मोहरीएवढा पांढरा ठिपका होता.

शिष्य त्याच्याजवळ आला. त्याने यंदाच्या ओळीतलं खापर उचललं. खळगा, आणि तळाशी पांढरा ठिपका. दुसरं उचललं, तेच. गेल्या वर्षीच्या ओळीत फुटकी मडकी होती, पण ती कुठे पडून, कुठे धक्का लागून तडकलेली. ठिपका एकालाही नव्हता. तो ओळीमागून ओळ पाहत गेला. एकतीस ओळींपैकी चार ओळींत ठिपके होते.

“सून आली ती एका वर्षी,” गुरू म्हणाले. “बाकीच्या तीन वर्षी कोण आलं होतं?”

शिष्य उठून पुन्हा ढिगाऱ्याच्या कापापाशी गेला आणि एकेका रेघेवर बोटं ठेवून रुंदी पाहू लागला. बराच वेळ लागला. गुरूंनी त्याला हाक मारली नाही. अखेर तो परत आला तेव्हा त्याचा आवाज अगदी लहान झाला होता. “गाळाच्या रेघा बहुतेक बोटभर आहेत. पाच रेघा मात्र वीतभर जाड. जाड रेघेच्या लगेच वर जी खापरं आहेत, त्यांतच ठिपके आहेत. पाचांपैकी एका रेघेवर मात्र नाहीत. ते कळत नाही.”

“कितवी रेघ?” सखोबाने विचारलं. त्याने बोटांवर मोजलं. “ते बाप गेला ते वर्ष. माती मी आणलीच नाही तेव्हा, चुलत्याने दिली.” मग तो सावकाश म्हणाला, “जाड गाळ म्हणजे महापूर. महापूर आला की आमची खालची खाण होळीपर्यंत पाण्याखाली असते. मग माळावरून माती आणतो. यंदाही तिथूनच आणली. पण हाताला तर ती तशीच लागते हो. तशीच काळी, तशीच चिकट.”

आता गुरूंनी पहिल्यांदा गोजराकडे पाहिलं. “पोरी, तुझ्या माहेरी कुठली माती?”

“माळाचीच,” गोजरा म्हणाली. तिचे पाय अजून चिखलात होते. “नदी लांब आहे आमची. आम्ही माती वाळवतो, कुटतो, चाळतो, मग भिजवतो. चाळली नाही तर चुनखडीचे बारीक खडे राहतात. भट्टीत त्यांचा चुना होतो. मग माठात पाणी भरलं की चुना ते पितो आणि फुगतो, नि टिकली उडवतो.”

“मग हे सांगितलं का नाही?” शिष्याच्या तोंडून निघून गेलं.

“सांगितलं होतं, पहिल्याच आठवड्यात. आत्याबाई म्हणाल्या, माहेरचं शहाणपण माहेरी ठेव.” तिने आता सरळ त्याच्याकडे पाहिलं. “आणि तुम्ही सात दिवस होतात, दादा. गल्लीतल्या म्हशी तेवढ्या राहिल्या, बाकी सगळ्यांना विचारलंत. मला नाही विचारलंत.”

शिष्याने मान खाली घातली.

“बोलायला काय लागतं,” ठकूबाई म्हणाली. “कोणीही काहीही बोलेल.”

“खरं आहे,” गुरू म्हणाले. “नुसत्या बोलण्यावर जाऊ नका, माझ्याही नाही. सखोबा, तीच माळाची माती घे. अर्धी चाळ, अर्धी तशीच ठेव. दोन्ही मातीचे वीस-वीस माठ होऊ देत, तुडवणं-भिजवणं सगळं सुनेच्याच हातापायांनी. एकाच भट्टीत भाज, सगळ्यांत पाणी भर आणि दहा दिवस थांब. तोवर गाडी जुंपू नकोस.”

सखोबाने बायकोकडे पाहिलं, मग अंगणातल्या ओळींकडे, आणि मान डोलावली.

माठ घडायला, वाळायला, भाजायला तीन आठवडे गेले. शिष्य तिथेच राहिला. आता तो न फुटलेले माठही मोजत होता. ठकूबाई कोणाला न सांगता रोज सकाळी माठांमधून फिरून जाई. तिची बोटं हलताना त्याला दिसत. पाणी भरल्यावर दहाव्या दिवशी न चाळलेल्या मातीच्या विसांपैकी नऊ माठ फुटलेले होते. चाळलेल्या मातीच्या विसांपैकी एक.

तो एक माठ शिष्याला सलत होता. गुरू आले तेव्हा तो हळूच म्हणाला, “हा कोणाचा तरी धक्का लागूनही फुटला असेल. बाजूला ठेवू का?”

“पाहिलंस का धक्का लागताना?”

“नाही.”

“मग तो सगळ्यांच्या पुढे ठेव. नऊ माठांनी तुला माहीत असलेलं सांगितलं. हा एकच काही तरी नवीन सांगतोय. चाळणीची भोकं मोठी असतील, नाहीतर आणखी काही असेल. कधीतरी कोणी शोधेल, पण आज तू तो लपवला नाहीस तरच.”

ठकूबाई हे ऐकत खापरांच्या ओळींजवळ उभी होती. अंगण अजून कोणी आवरलं नव्हतं. ती सखोबाला म्हणाली, “ती खालून तिसरी ओळ. ठिपक्यांची. ते कुठलं साल?”

सखोबाने मोजलं. “आपलं लगीन झालं ते.”

ती कोणाकडेच न बघता म्हणाली, “त्या साली तुमच्या आईने मला अकरा मंगळवार अनवाणी देवीला धाडलं होतं. मी आले नि माठ फुटायला लागले म्हणून. पुढच्या साली फुटायचे थांबले, तर म्हणाली, बघ, देवी पावली. मलाही तसंच वाटत आलं आजपर्यंत, नि ते फुटके माठ तर मी विसरूनच गेले होते.” तिने पदराने तोंड पुसलं. मग एकदम कोपऱ्याकडे वळून जरा चढ्याच आवाजात विचारलं, “गोजरा, तुमच्याकडे चाळणी कसली घेतात? ही जाडी आहे की काय?”

“जाडीच आहे, आत्याबाई. आमच्याकडे हिच्यापेक्षा बारीक असते.”

“मग उद्या खंडूला घेऊन बुरुडाकडे तूच जा. त्याला नाही कळायचं त्यातलं.”

चाकावर बसलेल्या खंडूने मातीचा गोळा घेतला.

परतीच्या वाटेवर शिष्य म्हणाला, “गुरुजी, मी एकही गाठ खोटी मारली नव्हती.”

“नव्हतीस,” गुरू म्हणाले. “सहाही खऱ्या होत्या, म्हणून तर गावाने त्या मानल्या. खोटं मोजणाऱ्याला कोणी तरी पकडतं. अर्धं मोजणाऱ्याला पकडणं फार अवघड, कारण तो मनाने सच्चा असतो. तू मोजायला लागलास लग्नाच्या दिवसापासून. तिथून निघालेली वाट सुनेच्याच दाराशी जाणार. आधीची वर्षं तू लोकांच्या आठवणीतून घेतलीस, आणि आठवण ज्याच्यावर रुसलेली असते त्याचेच दोष जपून ठेवते. खापरांचं तसं नसतं, त्यांना सासू नाही नि सून नाही. अरे, वैद्य असो, कोळी असो, आभाळ पाहणारा जोशी असो, शोधणाऱ्याचं काम एकच. पुष्कळ गोष्टी शेजारी शेजारी मांडायच्या आणि काय काय बरोबरीने येतं ते बघायचं. पण वैद्य फक्त आजाऱ्यांनाच विचारील, तर सगळे आजारी भाकरी खातात एवढंच त्याला कळेल. धडधाकट माणूसही भाकरीच खातो, हे विचारायला त्याच्या घरी जावं लागतं.”

आजच्या काळात निरनिराळ्या विद्यांचे अभ्यासक रोगांच्या, पावसाच्या, पिकांच्या लाखो नोंदी यंत्रापुढे मांडून बसतात आणि त्यातून माणसाच्या कल्याणाचं पुष्कळ काही शोधून काढतात. त्या सगळ्यांनाही ओळी मांडताना हेच विचारावं लागतं: यात कोण राहून गेलं?

पुढल्या हिवाळ्यात एका गवळ्यांच्या वस्तीवरून निरोप आला. गाई गाभडत होत्या, दिवस भरायच्या आतच वासरं टाकत होत्या, आणि वस्तीच्या कडेला राहणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या नजरेवर सगळ्यांचा संशय होता. गुरूंनी या खेपेला शिष्याला एकट्यालाच पाठवलं. तो पोचताच चार जण त्याला हाताला धरून नासलेल्या गोठ्याकडे ओढू लागले.

“तिकडे येतोच,” तो शांतपणे म्हणाला. “पण आधी ज्या गोठ्यात काहीच झालं नाही, तो दाखवा. आणि जाता जाता त्या म्हाताऱ्याच्या झोपडीवरून जाऊ. त्यांना काय वाटतं, ते अजून कोणी विचारलं नसेल.”