पहिला नंबर

झाडं उघड उघड भांडायची, त्या काळातली गोष्ट. पाचगणीच्या मंदाकाकूंच्या अंगणात, सावलीला, होस्टा या शोभेच्या पानांच्या झाडाच्या दोन कुंड्या होत्या. एकीची पानं पातळ, पांढऱ्या काठांची. दुसरीची जाड, निळसर. काकू त्यांतली एकच दारात ठेवणार होत्या. जास्त देखणी कोण, यावरून दोघींची जुंपली. शेवटी त्यांनी गोगलगायीला पंच नेमलं.

गोगलगाय म्हणाली, "बाजारात द्राक्षंसुद्धा चाखूनच निवडतात, बाई!"

जाड पानाला तोंड लावून तिने नाक मुरडलं. पातळ पानं मात्र देठापर्यंत फस्त केली आणि जाहीर केलं, "पहिला नंबर हिचाच!"

सकाळी काकूंनी जाड पानांची कुंडी उचलून दारात नेली.

मागून उरलेले देठ ओरडले, "काकू, चुकताय तुम्ही! हवं तर गोगलगायीला विचारा!"